सोमवारचं मौन

सकाळपासून तुमच्या घरात किती आवाज झाले असतील! कुकरची शिट्टी, फोनची रिंग, मुलांची घाई, आणि त्यात आमचा हा रेडिओ.

अशा गजबजाटात आठवतात महात्मा गांधी. ते दर सोमवारी मौन पाळत. सततचा प्रवास आणि भाषणं यांनी शरीर थकलं, म्हणून आठवड्यातून एक दिवस विसावा हवा, इतकंच सुरुवातीचं कारण. साधनेचा अर्थ पुढे आला. त्या दिवशीही त्यांचं काम चालूच असे, सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून.

२ जून १९४७ हा सोमवारच होता. भारताच्या फाळणीची योजना घेऊन व्हाइसरॉय माउंटबॅटन समोर बसलेले, आणि गांधीजी वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर उत्तरं लिहीत होते. व्रताला त्यांनी दोन अपवाद ठेवले होते: वरिष्ठ अधिकाऱ्यांशी तातडीचं बोलणं आणि आजाऱ्यांची सेवा. पहिला अपवाद त्या दिवशी सहज वापरता आला असता. त्यांनी तो वापरला नाही.

मला दुसरा अपवाद फार मोलाचा वाटतो. दुखणाइताला धीर देण्यासाठी जे मोडतं, ते मौन माणुसकीचं.

आज चहा घेताना पाच मिनिटं फोन बाजूला ठेवा, गप्प बसा. घरात कुणी आजारी असेल, तर मात्र त्याच्याशी आवर्जून बोला.