मुलाचा शब्द आणि शाळेचे दार

भाईंदर स्टेशनाच्या बाजूस सकाळी सातच्या सुमारास कोणी उभा राहिला, तर शाळेस निघालेली शेकडो मुले त्याच्या दृष्टीस पडतात. कोणी रिक्षात दाटीने बसलेले, कोणी आजोबांचे बोट धरून चाललेले, कोणाचे दप्तर आईच्या खांद्यावर. शाळेच्या फाटकाशी पहारेकरी असतो. मूल आत गेले व फाटक लागले, म्हणजे आई सुटकेचा श्वास टाकते आणि आपल्या कामाची गाडी गाठावयास धावते. मूल आत आहे, म्हणजे सुखरूप आहे, एवढाच विचार तिच्या मनात असतो.

वाचकहो, हा विचार बरोबर आहे काय? आत असणे आणि सुखरूप असणे ह्या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय? आज ह्याच प्रश्नाचा आपण विचार करू. तो शहरातील लोकांचाच प्रश्न आहे असे कोणी समजू नये. ज्या खेड्यातील शाळेस कुंपणही नाही, त्या खेड्यासही तो तितकाच लागू आहे.

मीरा-भाईंदर हे आज मोठे शहर आहे. परंतु ते फार जुने नव्हे. खाडीकाठची मिठागरे, भातशेते व उत्तनकडील कोळीवाडे अशा मुलखातील गावे १९८५ सालापासून एका नगरपालिकेखाली येत गेली, आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तेथे आठ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. जुन्या गावात मूल वाटेने चालले तर दहा ओट्यांवरून त्याजकडे कोणी ना कोणी पाहत असे, आणि हा अमक्याचा मुलगा असे ओळखत असे. आता एका जिन्यावरचा शेजारी दुसऱ्यास ओळखत नाही. म्हणून त्या ओट्यांची जागा पहारेकरी, ओळखपत्र व कॅमेरा ह्यांनी घेतली आहे. हा बदल समजण्याजोगा आहे. तथापि जुन्या गावातही मुलांवर अन्याय होत असत. फरक इतकाच की, ते ओळखीच्या घरात होत व कोणी त्यांविषयी बोलत नसे.

जी उल्हास नदी बदलापुरावरून वाहत येते, तिचेच पाणी पुढे भाईंदरच्या खाडीत येते. दोन्ही गावे एकाच ठाणे जिल्ह्यातील आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत जे घडले त्याने सारा महाराष्ट्र हादरला. बालवर्गात शिकणाऱ्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेच्याच स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. आरोप होता तो शाळेतच साफसफाईसाठी ठेवलेल्या एका इसमावर. तक्रार नोंदवून घेण्यात विलंब झाल्यामुळे पोलीस अधिकारी निलंबित झाले. ता. २० ऑगस्ट रोजी संतापलेल्या लोकांनी रुळांत उतरून कित्येक तास गाड्या अडवून धरल्या. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन ह्या प्रकरणाची दखल घेतली, आणि शाळेस कळल्यावरही तिने पोलिसांस का कळविले नाही, हे विचारले. शाळेच्या कॅमेऱ्यांतील पंधरा दिवसांचे चित्रण मिळत नाही, असे तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर ह्यांनी सांगितले.

ह्या हकीकतीत एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्या शाळेस दार होते. पण जे संकट आले ते दार मोडून आले नाही. ते दाराच्या आत पगारावर ठेवलेले होते. कुंपणच शेत खाते अशी आपल्यात म्हण आहे. शेतकरी रात्री माळ्यावर बसून रानडुकरांस हाकलतो. परंतु कुंपणच पीक खाऊ लागले तर माळ्यावरच्या माणसास त्याचा पत्ता लागत नाही, कारण त्याची नजर बाहेर असते.

हे एका गावापुरते नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांस विचारून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अर्ध्याहून अधिक मुलांनी आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. आणि असे करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची किंवा त्याच्या विश्वासातली होती. त्याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, बहुतेक मुलांनी हे कोणासही सांगितले नव्हते.

मुले का सांगत नाहीत? ह्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. मोठ्यांचे ऐकावे, उलट बोलू नये, घरची गोष्ट बाहेर नेऊ नये, असे आपण मुलास लहानपणापासून शिकवितो. आज्ञाधारकपणा हा सद्गुण खरा. पण आज्ञा कोणती व ती कशासाठी, हे पाहिल्यावाचून तो सद्गुण राहत नाही. ज्या मुलास कोणत्याही मोठ्या माणसास नाही म्हणण्याची मोकळीक नाही, ते मूल दुष्ट माणसापुढेही आज्ञाधारकच राहणार. शिवाय शाळेत मारहाणीची भीती असते. त्याच अहवालात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी सुमारे दोघांनी आपणांस शाळेत शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशी शिक्षा मना केली आहे, तरी पुष्कळ मास्तरांस छडीवाचून वर्ग चालेलसे वाटत नाही. त्यांनी एवढेच मनात आणावे की, ज्याच्या हातास मूल भिते त्याच्या कानात ते आपले दुःख कधीच सांगणार नाही.

आता उपायांकडे वळू. बदलापूरच्या घटनेनंतर राज्य शासनाने शाळांस आदेश दिले: कॅमेरे बसवावे, नोकर ठेवण्यापूर्वी पोलिसांकडून त्याची माहिती काढावी, तक्रारपेटी लावावी, आणि मार्च २०२२ च्या निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती नेमावी. हे सर्व योग्य आहे. बाहेरच्या तजविजीस तुच्छ मानणे हा शहाणपणा नव्हे. २००४ साली तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातील आग वरच्या गवती छपरास लागून ९४ मुले मरण पावली. तेथे कोणी दुष्ट नव्हता. होती ती निष्काळजी. त्या शोकातूनच २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या इमारती व आगीपासून बचाव ह्यांविषयी देशभर लागू होणारे आदेश दिले. छप्पर, जिना, विजेच्या तारा, शौचालयाची कडी, ह्यांकडे लक्ष देणे हाही मुलांवर प्रेम करण्याचाच प्रकार आहे.

परंतु साधनांकडून त्यांच्या शक्तीबाहेरचे काम आपण मागू नये. कॅमेरा पाहतो, पण ज्याने तो पाहावयाचा त्यानेच डोळे मिटले तर त्या पाहण्याचा उपयोग काय? आणि तक्रारपेटी! जी मुलगी अद्याप अक्षरे गिरवीत आहे, तिने पेटीत कोणती चिठ्ठी टाकावी? तिची तक्रार म्हणजे तिचे रडणे, जेवण टाकणे, शाळेत जाणार नाही म्हणून उंबरठ्यास धरून बसणे. ही चिठ्ठी वाचावयास शेजारी बसणारे माणूस लागते. म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की, ज्या शाळेत मुलाचा शब्द ऐकला जातो तीच शाळा सुरक्षित होय. भिंत, पहारा व कॅमेरा ही त्या शब्दाच्या मदतीस आहेत. त्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

येथे कोणी सद्भावनेने आक्षेप घेईल: आपण सर्वांविषयी बरे चिंतावे असे शिकवितो, मग प्रत्येक शिपायाकडे व शिक्षकाकडे संशयाने पाहणे हे प्रीतीविरुद्ध नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही. पण आपल्या मंडळ्यांतील एक रीत आठवावी. दान गोळा झाल्यावर ते एकट्याने मोजू नये, दोघांनी मोजावे व वहीत दोघांनी सह्या कराव्या, अशी आपली चाल आहे. त्यामुळे खजिनदार रागावतो काय? उलट त्याच नियमामुळे त्याचे नाव निर्मळ राहते. जो नियम सर्वांस सारखा लागू असतो तो कोणाचाही अपमान करीत नाही. मग पैशासाठी आपण दोन माणसे ठेवितो, आणि लेकरू मात्र एकट्या माणसाच्या हवाली निश्चिंतपणे करितो, ही कोणती नीती? आपणांस अधिक मोलाचे काय वाटते, हे त्यावरून उघड होत नाही काय?

दुसरा मोह ह्याहून बलवान आहे. तो संस्थेच्या नावाचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून कित्येक भली माणसे गप्प बसतात. शाळेची बदनामी होईल, मुलीचे पुढे लग्न कसे होईल, इतक्या वर्षांचे काम धुळीस मिळेल, असे ती म्हणतात. आमची वसतिगृहे व रविवारच्या शाळा ह्या मोहातून सुटलेल्या आहेत असे समजणे आत्मवंचना होय. जगाच्या पुष्कळ देशांत ख्रिस्ती संस्थांनीही अशी पापे झाकली, व ती उघडी पडल्यावर त्यांची लाज दुप्पट झाली. ज्या नावासाठी एका मुलास गप्प बसवावे लागते, ते नाव आधीच गेलेले असते. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, ज्यास आपण पॉक्सो म्हणतो, असा प्रकार कळलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांस कळविण्याचे बंधन घातले आहे. न कळविणारा शिक्षेस पात्र होतो. संस्थेचा मुख्य असेल तर अधिक शिक्षेस. मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यासही त्याच कायद्याने मनाई आहे. म्हणून बोलल्याने मुलाची अब्रू जाते, ही सबब सांगावयास जागा उरली नाही.

मुलाचे ऐकणे म्हणजे आरोपीस लगेच दोषी ठरविणे, असेही कोणी समजू नये. ऐकणे हे आईबापांचे व शिक्षकांचे काम, निवाडा न्यायालयाचा. बदलापूर प्रकरणातील आरोपी ता. २३ सप्टेंबर २०२४ रोजी, खटला पुरा होण्यापूर्वीच, पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्या गोळीने मरण पावला. कित्येकांस त्याने समाधान वाटले. पण साक्षीपुराव्याने सत्य शाबीत होण्याची वाट बंद झाली, त्यात त्या मुलींचा लाभ कोणता? संताप एका दिवसात रूळ अडवितो व दुसऱ्या दिवशी घरी जातो. मुलांस संतापाहून काळजी अधिक हवी, कारण काळजी रोज सकाळी उठून पुन्हा कामास लागते.

अशा काळजीत आणखी एक मूल विसरू नये, ते म्हणजे दुसऱ्यांस त्रास देणारे मूल. जो मुलगा लहानग्यांस मारतो, पैसे हिसकावतो, वर्गात एकटा बसतो, त्यास शाळेतून काढून टाकणे सोपे आहे. पण त्यामुळे त्याचे दुःख दुसऱ्या गल्लीत जाते इतकेच. घरी दारू आहे की मार आहे, आई आहे की नाही, हे कोणी विचारले काय? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी आदेश देताना, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक तरी शिकलेला समुपदेशक असावा असे सांगितले. खेड्यातील लहान शाळेस तो मिळणार नाही. तेथे शिक्षिका, अंगणवाडीची ताई किंवा मंडळीतील एखादी समंजस बाई हे काम आरंभू शकेल, आणि प्रसंग कठीण दिसल्यास तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेऊ शकेल.

शेवटी, आपल्या गावी आजच करता येण्याजोग्या काही गोष्टी सांगतो. मुलांच्या सहवासात काम करणारा मनुष्य, मग तो कितीही ओळखीचा असो, चौकशीवाचून नेमू नये. लहान मुलांस शौचालयास नेण्याचे काम बाईकडे असावे, आणि कोणतेही मूल बंद खोलीत एकट्या मोठ्या माणसाजवळ राहू नये. तक्रारपेटी पालकांसमक्ष उघडावी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. मुलास शिकवावे की, तुझ्या शरीरास कोणी वाईट हात लावला तर नाही म्हणण्यात पाप नाही. कोणी गुपित ठेव म्हणून धमकावले तर तेच प्रथम सांग. आणि एकाने ऐकले नाही तर दुसऱ्यास सांग, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्यास.

पहिला खून करणाऱ्याने, मी आपल्या भावाचा राखणदार आहे काय, अशा अर्थाचे उत्तर दिल्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्यास पगार देऊन त्या प्रश्नातून आपली सुटका होत नाही. आज संध्याकाळी मूल घरी येईल. आज काय शिकलास, हे आपण नेहमीच विचारतो. आज तुला कोणी दुखविले काय, हेही विचारावे. आणि ते बोलू लागले म्हणजे हातातील काम बाजूस ठेवून शेवटपर्यंत ऐकावे.