गुण आला, पण कशाने?

श्रीमंत प्रतापशेठजींच्या औदार्याने 1916 साली अमळनेरास जे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तेथील मलकानी, रासविहारी दास व मूर्ती या विद्वानांनी 1933 साली अज्ञान याच विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. अज्ञान हा ज्ञानाचा नुसता अभाव नसून ते भावरूप आहे, वस्तूला झाकून तिच्या जागी ते दुसरेच काही उभे करते, हा अद्वैत्यांचा सिद्धांत पुष्कळांना शाब्दिक वाटतो; परंतु त्याची प्रचिती औषधाच्या दुकानातही येते.

शेठजींच्याच गिरणीच्या या गावाला पाळीभर मागापाशी उभे राहून संध्याकाळी भरून येणारे पाय आणि पोटरीवर तटतटलेल्या निळ्या शिरा नव्या नाहीत. अशा पायांसाठी हल्ली डायोस्मिनची गोळी घेतात. संत्र्यासारख्या फळांच्या सालीतील हेस्पेरिडिनपासून हे द्रव्य सिद्ध करतात. मात्रा बहुधा दिवसाला 1000 मिलिग्रॅम. महिन्याने गृहस्थ सांगतो, ‘मला गुण आला.’ त्याच्या सचोटीविषयी शंका नाही. परंतु गुण आला हे प्रत्यक्ष होय आणि गोळीने आला हे अनुमान होय. अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, कारण ओले इंधन ही मध्ये उपाधी असते, असे नैयायिक बजावतात. येथेही गोळीबरोबर पाय उशीवर ठेवून निजणे सुरू झाले असेल, किंवा खानदेशचा उन्हाळाच सरला असेल. उपाधी दूर सारण्यास व्यतिरेक हवा: बाकी सर्व तेच ठेवून निम्म्या रुग्णांना निष्क्रिय गोळी द्यावयाची.

अशा परीक्षणांची छाननी करून कॉक्रेन संस्थेने 2020 साली दिलेला निवाडा असा की, जुनाट शिरादौर्बल्यात या वर्गातील औषधांनी सूज बहुधा किंचित उतरते, जीवनमानात मात्र फरक जवळजवळ पडत नाही, आणि पोटाच्या तक्रारी काहीशा वाढतात. हा निवाडाही दौर्बल्याविषयीचा आहे, शिरेच्या दाहाविषयीचा नव्हे. पायाच्या वरवरच्या शिरेत रक्त गोठून ती लाल व कठीण होते, त्या दाहात भक्कम दाखला आहे तो फोंडापॅरिनक्स या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा: 2010 साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे 3000 रुग्णांच्या परीक्षणात, रोज एक याप्रमाणे 45 दिवस घेतलेल्या इंजेक्शनांनी मृत्यू वा गुठळी पसरणे यांसारख्या गंभीर घटनांचे प्रमाण निष्क्रिय इंजेक्शनाच्या 5.9 टक्क्यांच्या तुलनेत 0.9 टक्के राहिले.

किंचित सूज उतरेल एवढे जाणून कोणी डायोस्मिन घेतो, तेव्हा ते ज्ञान आहे. वनस्पतीचे द्रव्य आहे, तेव्हा शिरेचा दाहही शमवीलच, या भरवशावर घेतो, तेव्हा ते निखळ भावरूप अज्ञान होय, कारण ते खऱ्या उपचाराची जागा अडवून बसते. पायाची शीर अचानक लाल होऊन ठणकू लागली, किंवा एकच पाय सुजला व धाप लागली, तर वाचकांनी गोळीचा गुण येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.