कच्चे मडके कोणी भाजायचे?



कर्जत स्टेशनावर खोपोलीची गाडी चुकली की बाकावर बसून राहण्यावाचून इलाज नसतो. मागे असाच बसलो होतो. आमच्या सप्ताहात लहानपणापासून टाळ धरणारा एक मुलगा येऊन पाया पडला आणि शेजारी बसला. नवी मुंबईत एका ऑफिसात नोकरीला आहे. थोडा वेळ इकडचे तिकडचे झाले, मग म्हणाला, "बुवा, एक विचारू? परमार्थातलं नाही, ऑफिसातलं आहे."

मी म्हटले, "विचार की. परमार्थ काय ऑफिसाच्या दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवतोस?"

त्याचा प्रश्न असा. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ आहेत, वयाने मोठे. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी कपाळाला हात लावतात. वरच्या साहेबाने दोन ओळी लिहून काही विचारले की, "मला काढायचं ठरलंय सगळ्यांचं." चहा द्यायला पोरगा विसरला तर, "माझी इथं किंमतच नाही." मुलगा म्हणाला, "समजूत घातली तर रोजचंच होतं, आणि दुर्लक्ष केलं तर मीच दगडाच्या काळजाचा ठरतो. वागायचं कसं?"

गाडी आली, गर्दीत काहीतरी उत्तर दिले. ते मला स्वतःलाच पटले नाही. म्हणून आज तुमच्यापुढे बसलो आहे.

आधी माझे पाप सांगतो. मी ५० वर्षे कीर्तन केले, पण पोट नोकरीवर भरले. २८ वर्षे खालापूर तालुक्यातल्या एका कचेरीत आवक-जावकाच्या टेबलावर होतो. तिथे आमचे एक सहकारी अगदी याच वळणाचे. नाव नको. फाइल जागेवर दिसली नाही की, "गेली माझी नोकरी!" वर्षातून तीनदा राजीनामा लिहायचे आणि संध्याकाळी खिशात घालून घरी न्यायचे. परतीच्या गाडीत आम्ही त्यांची नक्कल करायचो. सगळ्यात चांगली नक्कल माझी, कारण आवाजाची कमाई माझ्यापाशी होती. डबा हसायचा. मलाही बरे वाटायचे, खोटे कशाला बोलू?

एके दिवशी सकाळी ते आले, पिशवी टेबलावर टाकली आणि म्हणाले, "संपलं सगळं." मी दोन पेपरवेट टाळासारखे वाजवले आणि म्हटले, "चला, आजच्या कीर्तनाला सुरुवात झाली." सगळी कचेरी हसली. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांचे नाटक बंद झाले, आणि मला वाटले, औषध लागू पडले.

चार महिन्यांनी त्यांच्या आई वारल्या. तेराव्याला गेलो तेव्हा शेजारच्या एका बाईंकडून कळले, की बरेच महिने म्हातारीला माणसांची ओळख राहिली नव्हती. पहिल्यांदा तिने या मुलाला "तू कुणाचा रे?" असे विचारले, तीच ती सकाळ. हा माणूस ते सांगायला आला होता. सांगायची रीत मात्र त्याच्यापाशी एकच होती, कपाळाला हात लावायची.

मी हात जोडले. ते म्हणाले, "बुवा, तुम्ही उभं राहून रडलात की लोक पाया पडतात. मी रडलो की हसतात. मला तुमच्यासारखं येत नाही, एवढंच."

माउली, हे वाक्य मी कुठल्याच कीर्तनात सांगू शकलो नाही. लिहितो आहे ते आज.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कीर्तनकाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: श्रोता पुढे सरकून बसला की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो. एका बाईने डोळ्यांना पदर लावला की आपण प्रसंग आणखी ताणतो. मागचे टाळकरी रंगले की बुवाला आवरता येत नाही. कचेरीतल्या आकांताचेही तेच आहे. अरेरे म्हणून गोळा होणारे त्याचे टाळकरी, आणि हसणारेही टाळकरीच. दोघांनी मिळून आवाज वर नेलेला असतो. नंतर घरी येऊन म्हणायचे, काय नाटकी माणूस आहे! गाडीत त्याची गोष्ट पुन्हा सांगितली की तिसऱ्याच्या घरीही खेळ लागला.

आपल्या साजगावच्या धाकट्या पंढरीला कार्तिकीची जत्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारामुळे तिथल्या देवाला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. माळकऱ्याने बोंबलाचे नाव काढले म्हणून रागावू नका, देवाने ते लावून घेतले आहे. त्या जत्रेत एक घोंगडीवाला सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. बरोबरचे म्हणाले, एवढा ओरडतोय म्हणजे माल फुसका असणार. मी घोंगडी उलटी करून विणकर पाहिली आणि घेतली. २० हिवाळे झाले, अजून ऊब देते. घोंगडीच्या बाबतीत मला ही अक्कल होती, टेबलाशेजारच्या माणसाच्या बाबतीत नव्हती.

तेरच्या गोरोबाकाकांच्या घरची कथा तुम्हाला पाठ आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. बाकीचे स्थिर बसले. नामदेवरायांना मात्र ते सोसवले नाही. मंडळींत अपमान झाला असे वाटून ते दुखावले, आणि काकांनी निवाडा दिला, हे मडके कच्चे. मी ही कथा शेकडो वेळा सांगितली असेन. श्रोते ठरलेल्या जागी हसायचे आणि मी त्यांना हसू द्यायचो. नामदेवरायांच्या जागी बसून ती कथा मी म्हातारपणी प्रथम ऐकली. काकांचा निवाडा खरा होता. पण चार लोकांत खरे कळल्याने मडके भाजून निघाले का? नाही. ते तसेच कच्चे, वर दुखावलेले, रडत पंढरीला गेले.

तिथे विठोबाने काय केले ते पाहा. देवाने पूर्ण तक्रार ऐकून घेतली. नंतर, दुसरे कोणी नसताना, सांगितले की काका म्हणाले ते खरे आहे, तुला गुरू नाही. आणि तेवढ्यावर सोडले नाही, विसोबा खेचरांकडे पाठवले. म्हणजे ऐकणे झाले, खरे सांगणे झाले आणि वाटही दाखवली गेली. यातले पहिले न करता दुसरे केले तर तो नुसता टोला. दुसरे न करता पहिलेच रोज केले, तर माझ्या त्या मुलासारखी दमछाक. त्याच कच्च्या मडक्याची वाणी पुढे पंजाबात गेली, शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. थापटण्यापाशीच कथा संपवणाऱ्याला हे दिसत नाही.

आणि पिकलेला कधी रुसत नाही असे तरी कुठे आहे? लोकांच्या बोलण्याने विटून ज्ञानोबामाउलींनी झोपडीची ताटी लावून घेतली होती. मुक्ताबाई वयाने लहान, पण बाहेर उभ्या राहून बोलत राहिल्या. त्यांनी हसे केले नाही की ताटी मोडून आत शिरल्या नाहीत. ताटीचे अभंग म्हणताना लक्ष द्या, त्या गोंजारीत बसलेल्या नाहीत. तुम्ही कोण आहात याची आठवण करून देत आहेत. आपली पंढरी तरी काय? रुक्मिणीमाता द्वारकेहून रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत आले, असे आपण मानतो. आजही तिचे मंदिर वेगळे आहे. रुसव्याला तुच्छ मानणाऱ्या वारकऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

आता कोणी म्हणेल, बुवा, सगळेच नामदेव नसतात. बरोबर आहे. आमच्याच कचेरीत दुसरे एक जण होते. मार्चअखेर आली की त्यांना रडे फुटायचे, आणि त्यांचे हिशेब गुपचूप एका नव्या पोराच्या टेबलावर यायचे. तो पोरगा रात्रीच्या शेवटच्या गाडीने घरी जायचा. आम्ही रडणाऱ्याला पाणी दिले, त्या पोराला कोणी विचारले नाही. याला मी दया म्हणत नाही. एकाच्या डोळ्यांतले पाणी पुसायला दुसऱ्याचा सदरा फाडायचा, हा कुठला धर्म? तिथे सरळ सांगायला हवे होते, "तुमचं ऐकतो, बसा. पण हिशेब तुमचेच, आणि तारीख हीच." तेवढे बोलायचे धैर्य माझ्यात नव्हते. कीर्तनात मी मोठमोठ्या राजांना सुनवायचो, इथे एका कारकुनापुढे जीभ उचलली नाही.

नाटक कोणते आणि दुःख कोणते हे बाहेरून ओळखता येते का, असे विचाराल तर मला तरी येत नाही. बहुधा दोन्ही एकाच पोत्यात असतात. ज्याला लहानपणी हळू बोलून कोणी ऐकले नाही, तो ओरडायला शिकतो. आणि ओरडले की काम होते हे कळले, की त्याचा धंदाही करतो.

तो मुलगा पंधरा दिवसांनी पुन्हा भेटला, या खेपेला गाडीतच. म्हणाला, त्या गृहस्थांना एकटे गाठून चहाला नेले आणि "काय झालंय?" एवढेच विचारले. तासभर बोलले. घरचे, मुलीच्या लग्नाचे, कर्जाचे. "आणि बुवा, एकदाही आवाज चढला नाही."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी परत प्रिंटर अडकला. कपाळाला हात."

"तू काय केलंस?"

"काय करणार? कागद ओढून काढला नि त्यांच्या हातात दिला. म्हणाले, थँक्यू, माझं नशीबच असलं." तो हसला, पण गाडीत आम्ही हसायचो तसे नाही. पळसदरी मागे पडली होती. केळवली आली तसा तो पिशवी सावरत उतरला.