काटकसर कोणाच्या ताटातून?



घरात खाणारी आठ तोंडे आणि पगार एकाचा, तर काटकसर हवीच. किराणा यादी करून भरावा, उरण नाक्यावरचा बाजार हिशेबाने करावा, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी द्यावी. यात कमीपणा नाही. पाच हजारांना जेवू घालणाऱ्या प्रभू येशूनेही उरलेले तुकडे गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या (योहान ६).

पण बचत कोणाच्या ताटातून होते? बहुतेक घरी, सर्वांत शेवटी जेवणाऱ्या आईच्या. मासळीचा तुकडा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. आपण त्याला तिचा त्याग म्हणतो. पण न विचारता घेतलेला त्याग हा अन्यायच. प्रभूने तुकडे वेचायला सांगितले ते सगळे तृप्त झाल्यावर, आधी नव्हे.

आज आईला पहिल्या पंगतीला बसवू या.

तुमचे फादर