कायद्याच्या गुरुजनांचे स्मरण : खरा आदर कशात आहे?



आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज विधी महाविद्यालयांत शिकत आहेत. कदाचित आपल्याही घरात असा एखादा विद्यार्थी असेल. अशा महाविद्यालयात एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाचे निधन होते, तेव्हा शोकसभा भरते. सहकारी आणि माजी विद्यार्थी बोलतात, सभागृहात तसबीर लागते, त्यांच्या नावाने एखादे पारितोषिक जाहीर होते. मग वर्ग पूर्ववत सुरू होतात, आणि दोन-तीन वर्षांनी नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला त्या तसबिरीतील माणूस कोण, हे सांगावे लागते. आपल्या मुलाने किंवा मुलीने घरी येऊन विचारले की, ‘ज्यांनी मला न्याय शिकवला, त्यांचे मी काय देणे लागतो?’ तर आपण काय उत्तर द्याल?

हा प्रश्न शिष्टाचारापुरता मर्यादित नाही. हजरत मुहम्मद (स.) यांच्या एका वचनाचा आशय असा की, न्यायाधीश तीन प्रकारचे असतात, त्यांपैकी एकच स्वर्गात जातो, ज्याने सत्य ओळखले आणि त्यानुसार निवाडा केला. सत्य ओळखूनही अन्याय करणारा आणि अज्ञानाने निवाडा करणारा, हे दोघे नरकाचे धनी होतात. आता विचार करा, त्या न्यायाधीशाला सत्य ओळखण्याची रीत कोणी शिकवली? त्याच्या गुरूने. कायद्याच्या शिक्षकाचा एक धडा शेकडो निवाड्यांतून बोलतो. तो बरोबर असेल तर अनाथाला त्याचा वाटा मिळतो. चुकीचा असेल तर ज्यांना त्या शिक्षकाने कधी पाहिलेही नाही, अशा माणसांचा हक्क बुडतो. म्हणून कायद्याच्या गुरूचा आदर कसा करावा हे ठरवताना तिसऱ्या माणसाचा हक्क सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. हा तिसरा माणूस शोकसभेत नसतो.

आपल्या इतिहासात फिकहचे, म्हणजे इस्लामी कायद्याचे, शिक्षण देणारी मोठी विद्यालये होऊन गेली. त्यांनाही हा प्रश्न पडला होता. इसवी सन १०८५ मध्ये नैशापूर येथे इमामुल हरमैन अल-जुवैनी यांचे निधन झाले. ते तेथील निज़ामिया मदरशाचे मुख्य शिक्षक होते. इमाम ग़ज़ाली त्यांचेच शिष्य. त्या वेळी त्यांच्याजवळ सुमारे चारशे विद्यार्थी होते, असे चरित्रकार लिहितात. त्या विद्यार्थ्यांनी आपल्या दौती आणि लेखण्या मोडून टाकल्या. ज्या मिंबरवरून गुरुजी बोलत, तोही मोडण्यात आला. वर्षभर त्यांनी शोक पाळला.

त्याच्या दोनच वर्षे आधी बग़दादच्या निज़ामियाचे मुख्य शिक्षक अबू इसहाक अश-शीराज़ी वारले होते. त्यांच्या जागी लगेच दुसऱ्या शिक्षकाची नेमणूक झाली. मदरशाचा संस्थापक वज़ीर निज़ामुल मुल्क याला ते रुचले नाही. शीराज़ींच्या सन्मानार्थ मदरसा एक वर्ष बंद ठेवायला हवा होता, असे त्याने म्हटल्याची नोंद आहे.

हे वाचताना आपले मन भरून येते. चारशे तरुणांनी आपल्या लेखण्या मोडाव्यात, इतके प्रेम एखाद्या शिक्षकाच्या वाट्याला यावे, ही साधी गोष्ट नव्हे. तरीही हदीसचे थोर विद्वान इमाम ज़हबी यांनी नैशापूरच्या प्रसंगाची नोंद करताना आपली नापसंती लपवली नाही. सुन्नतचे अनुसरण करणाऱ्या विद्वानांची ही रीत नव्हे, असे त्यांनी बजावले. त्यांचे म्हणणे आपल्याला समजू शकते. पतीच्या निधनानंतर पत्नीसाठी चार महिने दहा दिवसांची मुदत आहे, इतर कोणाच्याही मृत्यूनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक शोक पाळण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. शिवाय मोडलेल्या लेखणीने लिहिले काय जाणार? जुवैनींनी आयुष्यभर ज्या लेखण्यांना चालायला शिकवले, त्याच त्यांच्या जनाज़्यानंतर थांबल्या. प्रेषितांच्या (स.) एका वचनाचा आशय आहे की, अल्लाह ज्ञान माणसांच्या हृदयांतून हिसकावून घेत नाही, विद्वानांना उचलून घेतो आणि त्यामुळे ज्ञान उठून जाते. मग गुरू गेल्यावर मदरशाचे दार बंद करणे म्हणजे त्या हानीत आपल्या हाताने भर घालणेच होय.

मग खऱ्या आदराचे रूप कोणते? त्यासाठी आपण मदीनेकडे वळू.

हजरत ज़ैद बिन साबित (रज़ि.) हे सहाबांमध्ये वारसाहक्काच्या कायद्याचे सर्वश्रेष्ठ जाणकार मानले जात. एकदा ते वाहनावर बसत असताना हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रज़ि.) यांनी पुढे होऊन त्यांची रिकीब धरली. इब्ने अब्बास प्रेषितांचे (स.) चुलतभाऊ. ज़ैद यांना संकोच वाटला. तेव्हा इब्ने अब्बास यांनी सांगितले की, आपल्या विद्वानांशी असेच वागण्याची शिकवण आम्हाला मिळाली आहे. ज़ैद यांचा दफनविधी झाला, तेव्हा इब्ने अब्बास यांनीच म्हटले की, ज्ञान असे जाते. आज फार मोठे ज्ञान मातीआड झाले.

ही कथा आपण अनेकदा ऐकतो. तिची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. याच इब्ने अब्बास यांनी वारसाहक्काच्या एका मोठ्या प्रश्नावर ज़ैद यांचे मत उघडपणे नाकारले होते, आणि तेही तीव्र शब्दांत.

तो प्रश्न असा. एक मनुष्य मरण पावला. त्याचे वडील आणि मुले हयात नाहीत. मागे वडिलांचे वडील आणि एक सख्खा भाऊ आहे. त्याची मालमत्ता ६ लाख रुपयांची आहे असे समजा. हजरत ज़ैद यांच्या मते आजोबा आणि भाऊ दोघेही वारस. दोघांना ३-३ लाख मिळतील. हजरत अबू बक्र (रज़ि.) आणि इब्ने अब्बास यांच्या मते आजोबा वडिलांच्या जागी उभे असल्याने सर्व ६ लाख त्यांचे, भावाला काहीच नाही. मुलाचा मुलगा जर मुलाच्या जागी धरला जातो, तर वडिलांचे वडील वडिलांच्या जागी का धरायचे नाहीत, हा इब्ने अब्बास यांचा सवाल होता. ज़ैद यांनी या बाबतीत अल्लाहचे भय बाळगावे, इथवर त्यांचे बोलणे गेले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या हाताने रिकीब धरली, त्याच हाताने मतभेदही नोंदवला. इब्ने अब्बास यांना यात विसंगती वाटली नाही. कारण रिकीब धरताना प्रश्न त्यांच्या स्वतःच्या नम्रतेचा होता; मत देताना प्रश्न त्या आजोबांच्या आणि त्या भावाच्या हक्काचा होता. आपली नम्रता आपण हवी तितकी खर्च करावी. ती आपली मालमत्ता आहे. दुसऱ्याचा हक्क मात्र आपल्या गुरुभक्तीपोटी खर्च करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. पवित्र कुरआनने न्यायावर दृढ राहण्याची आज्ञा देताना स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध आणि नातलगांविरुद्ध साक्ष द्यावी लागली तरी ती द्या, असे सांगितले आहे. जेथे आई-वडिलांना सवलत नाही, तेथे गुरूला ती कशी मिळेल?

हीच रीत पुढे कूफा नगरीत दिसते. इमाम अबू हनीफा (रह.) हे हम्माद बिन अबी सुलैमान यांच्याजवळ सुमारे अठरा वर्षे शिकले. एकदा हम्माद यांना परगावी जावे लागले. दोन महिने अबू हनीफा त्यांच्या जागी बसले आणि आलेल्या साठ प्रश्नांची उत्तरे त्यांनी लिहून ठेवली. गुरू परतल्यावर ती त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा हम्माद यांनी चाळीस उत्तरे मान्य केली आणि वीस नाकारली. त्या दिवशी अबू हनीफा यांनी ठरवले की, गुरू हयात असेपर्यंत त्यांना सोडायचे नाही. गुरूंच्या निधनानंतर आपण अशी एकही नमाज़ अदा केली नाही, ज्यात आई-वडिलांबरोबर हम्माद यांच्यासाठी क्षमायाचना केली नाही, असे ते सांगत.

आता याच इमाम अबू हनीफा यांचे शिष्य पाहा. इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी अनेक प्रश्नांत आपल्या गुरूहून वेगळे मत दिले. वर सांगितलेल्या आजोबा आणि भावाच्या प्रश्नातही गुरूंनी हजरत अबू बक्र यांचे मत घेतले, तर या दोन शिष्यांनी हजरत ज़ैद यांचे. हनफी ग्रंथांत ही दोन्ही मते शेजारी-शेजारी नोंदलेली आहेत. ज्या शिष्यांनी मतभेद नोंदवला, त्यांनीच गुरूंचे ज्ञान लिहून पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवले. गुरूंचे मत प्रामाणिकपणे जतन करणे, ते पटले नाही तर कारणासह तसे सांगणे आणि नमाज़ेत त्यांच्यासाठी दुआ करणे, या तिन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकत्र नांदल्या.

आपल्या महाराष्ट्रातीलच एक उदाहरण घेऊ. मुंबईचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ साली स्थापन झाले. १९३८ ते १९४७ या काळात आसफ अली असग़र फ़ैज़ी तेथे प्राचार्य होते. त्यांचा जन्म १८९९ साली माथेरानचा. त्यांचे ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ’ हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले आणि भारतातील कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या ते वाचत आल्या. फ़ातिमी काळातील काज़ी नुअमान यांचा ‘दआइमुल इस्लाम’ हा कायदाग्रंथ त्यांनी परिश्रमपूर्वक संपादित केला. आपल्या संग्रहातील हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली.

धर्म आणि कायदा यांची फारकत करावी, असा विचार त्यांनी १९६३ सालच्या ‘अ मॉडर्न अप्रोच टु इस्लाम’ या पुस्तकात मांडला. आपल्यापैकी अनेकांना तो मान्य होणार नाही. प्रस्तुत लेखकालाही तो मान्य नाही. पण म्हणून त्यांचे ऋण नाकारायचे काय? ज्याने इतरांसाठी मूळ ग्रंथ शोधून शुद्ध करून ठेवले, त्याच्याशी वाद घालण्याची साधनेही त्यानेच आपल्या हाती दिलेली असतात. १९८१ साली फ़ैज़ी निवर्तले. २००८ साली प्रा. ताहिर महमूद यांनी त्यांच्या पुस्तकाची पाचवी, सुधारित आवृत्ती सिद्ध केली. दरम्यानच्या काळात कायदा जेथे बदलला होता, तेथे पुस्तकही बदलावे लागले. जुने पान तसेच ठेवले असते, तर आदर दिसला असता. पण ते वाचून सल्ला देणाऱ्या वकिलाच्या अशिलाचे नुकसान झाले असते.

येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. आपल्या मुलांचे बहुतेक शिक्षक मुस्लिम नसतात. फ़ैज़ी यांच्या आधी, १९३५ ते १९३८ या काळात, त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अशा गुरुजनांचे ऋण आपण कसे मानावे? प्रेषितांच्या (स.) वचनाचा आशय आहे की, जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही. येथे ‘माणसांचे’ म्हटले आहे. त्यात धर्माची अट नाही. मक्केतील मुतइम बिन अदी यांनी इस्लाम स्वीकारला नव्हता, पण अडचणीच्या काळात त्यांनी प्रेषितांना (स.) संरक्षण दिले होते. ते वारल्यानंतर बद्रची लढाई झाली. तेव्हा प्रेषितांनी (स.) म्हटले की, आज मुतइम हयात असते आणि त्यांनी या कैद्यांसाठी शब्द टाकला असता, तर मी त्यांच्याखातर सर्वांना सोडून दिले असते. मृत उपकारकर्त्याचे इतके उघड आणि इतके उदार स्मरण आपल्यापुढे आदर्श म्हणून आहे. तेव्हा आपल्या मुलांनी शोकसभेत संकोचाने मागच्या रांगेत बसू नये. जे शिकायला मिळाले ते उभे राहून सांगावे, त्या कुटुंबाच्या भेटीस जावे, त्यांच्या अडीअडचणीला धावून जावे. ज्या विधींना आपली श्रद्धा अनुमती देत नाही, ते नम्रपणे टाळता येतात; कृतज्ञता टाळता येत नाही.

स्मरण करताना खरे तेच बोलावे. मृताचे खासगी दोष झाकावेत, कारण ते उघड केल्याने कोणाचेच भले होत नाही. मात्र त्याच्या शिकवणीत चूक राहिली असेल आणि त्या चुकीने कोणाचा हक्क जात असेल, तर ती दुरुस्त करणे हे त्याच्यावरही उपकार करण्यासारखे आहे. माणूस मेल्यावर त्याची कर्मे थांबतात, तीन गोष्टींचे पुण्य मात्र चालू राहते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्यांतील एक म्हणजे लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान. वकील झालेली आपली मुलगी एखाद्या विधवेचा आठवा हिस्सा तिला मिळवून देते, किंवा मुलगा खोटे शपथपत्र तयार करण्यास नकार देतो, तेव्हा त्यांच्या गुरूचे ज्ञान उपयोगी पडलेले असते. त्या विधवेला त्या गुरूचे नावही ठाऊक नसते, पण त्यांचे याहून मोठे स्मारक कोणते असेल?

म्हणून आपल्या मुलाने प्रश्न विचारला, तर त्याला सांगा : गुरूंच्या वर्गातील टिपणे जपून ठेव आणि मागच्या वर्गातील मुलांना दे. त्यांचे नाव घेऊन त्यांचे मत सांग. ते स्वतःचे म्हणून खपवू नकोस. पटले नाही तर कारणासह सांग. गुरू मुस्लिम असतील तर नमाज़ेत आपल्या आई-वडिलांबरोबर त्यांनाही आठव. आणि ज्या दिवशी न्यायालयात खोटे बोलणे सोपे आणि फायद्याचे असेल, त्या दिवशी त्यांनी फळ्यासमोर उभे राहून काय शिकवले होते, ते आठव.

आपल्या सर्व गुरुजनांचे ऋण ओळखण्याची आणि त्यांनी शिकवलेल्या न्यायावर चालण्याची सद्बुद्धी अल्लाह आम्हा सर्वांना देवो. जे आमच्याआधी ईमान घेऊन गेले त्यांना तो क्षमा करो, आणि आमच्या हृदयांत त्यांच्याविषयी कोणतीही कटुता न ठेवो. आमीन.