पाचवे कारण

जुन्या सदनिकेसाठी दिलेला प्रस्ताव मालकाने नाकारला, की त्या संध्याकाळी खरेदीदाराच्या घरी जे कोणी येतात ते सारे, वयाने, शिक्षणाने आणि स्वभावाने कितीही भिन्न असले, तरी एकाच निष्कर्षावर येऊन थांबतात: योग नव्हता. दुसरा नकार आला की या निष्कर्षाला शास्त्राची पुष्टी शोधली जाते, पत्रिका बाहेर निघते, चतुर्थ स्थानी कोण बसले आहे आणि भूमीचा कारक जो मंगळ त्याच्यावर कोणाची दृष्टी आहे याची चौकशी होते. आणि आणखी एखादे घर हातचे गेले म्हणजे खुद्द खरेदीदारच, जो परवापर्यंत कर्जाच्या हप्त्याची त्रैराशिके मांडीत होता तो, आपल्या नशिबी असेल तीच वास्तू आपल्याला मिळणार असे समजूतदारपणे सांगू लागतो. या सांत्वनातील कणव मला समजते. परंतु बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झाल्यावर ओळखीच्या माणसांना घर घेण्याच्या कामी मदत करण्याचा जो उद्योग मी मागे लावून घेतला आहे, त्यात मालकांच्या नकारापेक्षाही मला या वाक्याचाच अधिक जाच होतो, आणि त्या जाचाचे मूळ व्यवहारात नसून तत्त्वज्ञानात आहे असे माझे मत होत चालले आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या खटपटी, आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी तर आपल्या भाष्यात या पाचव्या कारणाचा अर्थ नेत्रादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा केला आहे, म्हणजे आपण ज्याला नशीब म्हणून हात टेकतो ती वस्तू तेथे त्यांना दिसलीच नाही. भाष्यकारांचा मतभेद बाजूला ठेवला तरी एवढे खरे की दैवाच्या आधी चार कारणांची हजेरी घ्यावी लागते. आणि आपला सार्वत्रिक परिपाठ असा, की पाचव्यालाच प्रथम पुकारावयाचे, ते हजर झाले की उरलेल्या चौघांची चौकशी तहकूब करावयाची आणि प्रकरण दप्तरी दाखल करून टाकावयाचे. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'त 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य' असे एक स्वतंत्र प्रकरण घातले ते काही उगाच नव्हे. आणि गंमत अशी, की गीतेच्या त्याच अध्यायात लगेच पुढे, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला काही कळलेले नाही, असेही बजावले आहे. म्हणजे सारे दैवावर टाकणारा आणि सारे स्वतःच्या माथी घेणारा, दोघेही चौकशी न करताच निकाल देतात.

माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा अनुदानित शाळेत शिक्षक आहे, त्याची पत्नी जिल्हा परिषदेत नोकरीस आहे, आणि अकरा महिन्यांच्या भाडेकराराचे दर वर्षी नूतनीकरण करण्याला दोघेही कंटाळले आहेत. धनकवडीच्या बाजूला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरची दोन शयनगृहांची सदनिका त्यांना पसंत पडली. मालकांनी 80 लाख सांगितले. यांनी फारशी घासाघीस न करता ते कबूल केले. दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला की सौदा पक्का समजा, फक्त पंधरा कॅशमध्ये द्यावे लागतील. ज्याने कर्जाची प्रकरणे तपासली आहेत त्याला या 'फक्त'चा अर्थ ताबडतोब कळतो. खरेदीखत 80 लाखांचे झाले, तर 75 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते, म्हणजे 64 लाख मिळतात आणि पदरचे 16 लाख घालावे लागतात. तेच खत 65 लाखांचे दाखविले की कर्ज 52 लाखांवर येते, आणि पदरचे 28 लाख लागतात, त्यांतले 15 नोटांच्या रूपाने. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीची फी या हिशेबाबाहेर, कारण बँक ती किमतीत धरीत नाही. पगारदार माणसाने 15 लाखांच्या नोटा आणावयाच्या कोठून? शिवाय स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकराच्या कायद्याने 2015 पासून मनाई केलेली आहे. शिक्षकाने नकार कळविला, म्हणजे वस्तुतः तो मालकाचाच नकार होता. आणि आठवड्याच्या आत ती सदनिका, ज्याच्यापाशी नोटा होत्या, अशा एका व्यापाऱ्याकडे गेली.

त्या रात्री मुलाच्या सासूबाई म्हणाल्या, "योग नव्हता हो."

मला येथे थांबून विचारावेसे वाटते की या प्रसंगात दैवाने नेमके काय केले? अधिष्ठान निर्वेध होते, कर्ता लायक होता, साधने नियमाप्रमाणे तयार होती, खटपटीत कसूर नव्हती. एका माणसाला कर चुकवावयाचा होता आणि दुसऱ्याने त्याला साथ दिली, एवढीच घटना घडली. तिला दैव म्हणण्याने सासूबाईंच्या जावयाचे दुःख हलके झाले असेल, पण तेवढ्यात आणखी एक गोष्ट घडून गेली: ज्याने अधर्म केला त्याचे नाव कैफियतीतून वगळले गेले, आणि त्याच्या जागी एक असा आरोपी उभा केला गेला की ज्याच्यावर कोणतेच समन्स बजावता येत नाही. प्रारब्धाची कल्पना मुळात माणसाला आपल्या कृत्यांचा जाब देता यावा म्हणून निघाली. ती दुसऱ्याला आपल्या कृत्यांतून सोडवण्यासाठी वापरली जावी, ही त्या कल्पनेची विटंबनाच नव्हे काय?

दैवाचे खरे राज्य कोठे चालते हे पाहावयाचे असेल तर म्हाडाची सोडत पाहावी. तेथे अर्जदार पात्र ठरला की पुढे निव्वळ यदृच्छा असते, आणि नाव न निघालेला माणूस हताश झाला तरी अपमानित होत नाही, कारण त्याला नाकारणारा कोणी नसतो. तेथे योग नव्हता असे खुशाल म्हणावे.

परंतु प्रत्येक नकारामागे दुर्जनच असतो असेही नव्हे, आणि मदत करणाराची खरी कसोटी येथे लागते. त्याच दांपत्याला पुढे सहकारनगरात एका विधवा बाईंची सदनिका मिळण्याच्या बेतात आली होती. विसाराचा धनादेश देऊन झाला होता. परदेशी असलेल्या मुलाचे मुखत्यारपत्र रीतसर साक्षांकित होऊन आलेले होते. अचानक बाईंनी आम्हाला बोलावून घेतले. टेबलावर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आमचा धनादेश न वटवता ठेवलेला, त्याची छायाप्रत शेजारी, आणि त्या छायाप्रतीवर त्यांच्याच हस्ताक्षरात 'मूळ परत मिळाले' असे लिहून सहीसाठी जागा सोडलेली. त्या म्हणाल्या, "मुलगा म्हणतो, वीक. विकून मी जायचं कुठे, ते त्याने अजून सांगितलेलं नाही." शिक्षकाच्या पत्नीचे डोळे भरून आले होते, पण ते रागाने की करुणेने हे मला सांगता येणार नाही. जिन्यात उतरताना शिक्षक मला म्हणाला, "काका, आपलं काय चुकतंय?"

त्याचे काहीच चुकत नव्हते, आणि बाईंचेही काही चुकले नव्हते. खरेदीदार ज्याला वास्तू म्हणून पाहतो ते कोणाच्या तरी आयुष्याचे अधिष्ठान असते, आणि ते हलविण्याचा किंवा न हलविण्याचा अधिकार त्याच व्यक्तीचा. मी त्याला हे जिन्यातच सांगितले; त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सतत नाकारल्या गेलेल्या माणसाला दुसऱ्याचा न्याय्य नकारही कटासारखा वाटू लागतो, आणि मदत करणाराला आपल्या पक्षकाराचे दुःख आणि प्रतिपक्षाचा हक्क दोन्ही एकाच वेळी खरे मानावे लागतात, ही त्या भूमिकेतील न संपणारी कुचंबणा आहे. दलालाला ती नसते. सदनिका कोणीही घेवो, दलाली ठरलेली; लाभालाभाच्या ठायी समबुद्धी म्हणतात ती या धंद्यात केवळ त्यालाच साधलेली मी पाहिली आहे.

आता नकाराचा एक प्रकार असा आहे की ज्याच्याविषयी थोडकेच लिहिणे बरे, कारण त्यात समजून घेण्यासारखे फारसे काही नाही. भाव ठरतो, कागदपत्रे जुळतात, आणि फोनवर आडनाव विचारले जाते; किंवा घरात काय शिजते याची विचारपूस होते; आणि मग मालकांचा विक्रीचा विचार एकाएकी रहित होतो. 1917 साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना नाव बदलून पारशी विश्रामगृहात राहावे लागले आणि ओळख पटताच तेथून हाकलले गेले, तेव्हा निदान हाकलणारे काठ्या घेऊन समोर तरी आले होते. आज निरोप येतो, 'सध्या विकायचे नाही.' अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व स्वतःच्या समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ग्राह्य धरला हे मला ठाऊक आहे; पण ज्या इमारतींत असा कोणताही उपविधी नाही तेथेही तो अलिखित चालतो. एका तरुण अभियंत्याला असा निरोप आला तेव्हा खरे कारण मला समजलेले होते. सत्य सांगावे की प्रिय सांगावे हा आपल्याकडचा फार जुना वाद. मी सत्य सांगितले. तो म्हणाला, "अंदाज होताच, काका. तुम्ही सांगाल की नाही, तेच बघत होतो." योग नव्हता असे मी त्याला म्हटले असते तर त्याच्या दृष्टीने मीही त्या मालकाच्याच बाजूला जाऊन बसलो असतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आक्षेपक म्हणतो की तुमची ही चिकित्सा माणसाला आणखी जाळते. गीतेनेच फलाशा सोडावयास सांगितली आहे, तेव्हा मदत करणाराने खरेदीदाराला कारणे शोधून देण्यापेक्षा फळाविषयी उदासीन व्हावयास शिकवावे. मला हा अर्थ मान्य नाही. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा बोलणारा आणि ऐकणारे दोघेही घरदार मागे टाकून आलेले होते. तेथे निष्कामतेची भाषा बोलण्याचा अधिकार वक्त्याने स्वतःच्या किमतीवर मिळविलेला होता. स्वतःच्या मालकीच्या घरात, आरामखुर्चीत बसून भाडेकरूला अनासक्तीचा उपदेश करणे ही वेगळी गोष्ट आहे. फलत्याग हा स्वतःच्या फळाचा करावयाचा असतो. दुसऱ्याच्या फळाचा त्याग आपण परस्पर करून मोकळे होणे याला अध्यात्म म्हणत नाहीत. शिवाय ज्या परंपरेने इतर तिन्ही आश्रमांचा भार गृहस्थावर टाकला, आणि ज्या समर्थांनी प्रपंच नेटका करावयास सांगून प्रयत्नाला देवाच्या पंक्तीला बसविले, त्या परंपरेत घर हवेसे वाटणे ही काही लपविण्याजोगी आसक्ती नव्हे.

मग माझ्या वाट्याची अनासक्ती कोणती? मला वाटते एवढीच, की त्या माणसाला घर मिळवून देणारा मी, हा अभिमान सोडावा, त्याचप्रमाणे ते न मिळाल्याचे सुतकही आपण स्वतःकडे ओढून घेऊ नये; आणि प्रत्येक नकारानंतर त्याच्याबरोबर बसून चारही कारणे एकेक करून तपासावीत. यात त्याचा वैतागही ऐकावा लागतो आणि पुष्कळदा आपलाही गिळावा लागतो. तपासाअंती काहीच हाती लागले नाही तर पाचव्याचे नाव घ्यावयास माझी हरकत नाही. माझ्या अनुभवात तशी पाळी क्वचितच आली आहे.

शिक्षक दांपत्याचा भाडेकरार पुन्हा अकरा महिन्यांनी वाढला आहे. नवा प्रस्ताव बिबवेवाडीतील एका सदनिकेसाठी गेला आहे, सर्व रक्कम धनादेशाने, आणि उत्तर यावयाचे आहे.

ज्या वाचकांचे घर विक्रीस असेल त्यांना माझी एक विनंती आहे. नाही म्हणणे हा तुमचा हक्क आहे, तो अवश्य बजावा. पण 'कळवतो' असा मोघम निरोप दलालाकरवी धाडून एखाद्या कुटुंबाला आठवडेच्या आठवडे टांगून ठेवू नका. कारण सांगता येण्यासारखे असेल तर सांगा, आणि विसार परत करावयाचा झाल्यास त्या बाईंप्रमाणे समोर बोलावून स्वतःच्या हाताने करा.