डबा न्यायचा की पोती उतरवायची

मिरज, कोजागरीचा दुसरा दिवस

चि. मुक्ता,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीत दूध आटवत होतो. एका हातात डाव, एका हातात फोन, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. एवढंच कानावर पडलं की वजनकाट्यावरचे कॉम्प्युटर आणि कारखान्याचं ऑफिस यांच्यामध्ये तू दोन नेटवर्क कार्डांचं एक लिनक्स मशीन बसवलं आहेस. वर म्हणालीस, "मामा, ब्रिजपण केला, फॉरवर्डिंगपण चालू केलं, तरी पिंग जात नाही." त्यातला ‘पण’ दोनदा ऐकला आणि दुखणं कुठे आहे ते कळलं. फोनवर घाईत सांगण्यातलं नाही, म्हणून लिहितो. गाळप सुरू व्हायला अजून दहा-बारा दिवस आहेत, तेवढ्यात वाचून होईल.

तुझे आजोबा मिरज स्टेशनच्या गुड्स शेडमध्ये कारकून होते हे तुला माहीत आहे. पण तिथे ते नेमकं काय करायचे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. १९७० च्या दशकात मिरजेत तीन रुंदींचे रूळ होते. पुण्याकडून येऊन कोल्हापूरकडे जाणारा ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा नॅरोगेज. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा डबा मिरजेत फक्त थांबायचा. त्याचं कुलूप कुणी उघडत नसे, आतलं पोतं कुणी हलवत नसे. पण माल लोंढ्याकडचा असेल तर हमाल पोती खाली उतरवायचे, आजोबा चिठ्ठीवरचं मुक्कामाचं नाव वाचायचे, वहीत नोंद करायचे आणि पोती मीटरगेजच्या डब्यात चढायची. पोतं तेच, डबा नवा.

पहिला प्रकार म्हणजे ब्रिज आणि दुसरा म्हणजे फॉरवर्डिंग, ज्याला आपण राउटिंग म्हणतो. डबा म्हणजे इथरनेटची फ्रेम, पोतं म्हणजे आयपी पॅकेट. तू एकाच डब्याला ‘पुढे जा’ आणि ‘माल उतरव’ अशी दोन्ही फर्मानं दिलीस.

आता तुझ्या काट्याकडे येऊ. (इंग्रजीत काट्यालाच वे-ब्रिज म्हणतात, त्यामुळे उद्या कारखान्यात ‘ब्रिज बंद पडला’ असं ओरडू नकोस, चेअरमन धावत येतील.) काट्यावरच्या मशीनना पत्ते १९२.१६८.२० मालिकेतले आणि ऑफिसला १९२.१६८.१ मधले, बरोबर? दोन्ही कार्डं ब्रिजमध्ये घातलीस तेव्हा दोन्हीकडच्या तारा एक झाल्या, जणू सगळे एकाच स्विचला जोडलेले. पण पत्ते वेगळ्या मालिकांतलेच राहिले. काट्यावरचं मशीन ऑफिसचा पत्ता पाहतं आणि समजतं की हा आपल्या गल्लीतला नाही, गेटवेकडे दिला पाहिजे. गेटवे तर तू लिहिलेलाच नाहीस. भिंत पाडली तरी दोन बिऱ्हाडं एकमेकांशी बोलेनात, त्यातली गत. आणि ब्रिजला फॉरवर्डिंगचा तो ‘आयपी फॉरवर्ड’ आकडा १ करावाच लागत नाही. ब्रिज पोतं उघडतच नाही, तर त्याला मुक्कामाच्या नावाशी काय देणंघेणं?

ब्रिज काय करतो हे एकदा डोळ्यांपुढे आण, म्हणजे कमांड पाठ करावी लागणार नाही. फ्रेम आली की तो पाठवणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस आणि ती कोणत्या पोर्टातून आली, एवढं टिपून ठेवतो. ज्याच्याकडे जायची त्याचं नाव वहीत असेल तर त्याच पोर्टातून सोडतो, नसेल तर आलेलं पोर्ट वगळून बाकी सगळ्यांतून. पाच मिनिटं, म्हणजे ३०० सेकंद, कुणाचा आवाज आला नाही की त्याचं नाव खोडतो. ही वही ‘ब्रिज एफडीबी शो’ म्हटलं की समोर येते. निदान करताना मी आधी तीच उघडतो. काट्यावरचं मशीन त्या वहीत नसेल तर पुढचं सगळं नंतर, आधी केबल बघ.

उभारणी तीन ओळींची आहे: ‘आयपी लिंक अ‍ॅड’ म्हणून बीआर-झीरो तयार करायचा, दोन्ही कार्डांना ‘मास्टर बीआर-झीरो’ सांगायचं आणि सगळ्यांना ‘अप’ करायचं. जुनी मंडळी अजून ‘बीआरसीटीएल’ वापरतात, मीही वापरायचो, तू सवय लावून घेऊ नकोस. फसगत होते ती पत्त्यात. मशीनचा स्वतःचा आयपी पत्ता आता बीआर-झीरोवर हवा, ईथ-झीरोवर नव्हे. कार्ड ब्रिजमध्ये गेलं की त्यावर आलेली फ्रेम ब्रिज आधी उचलतो. ईथ-झीरोवर ठेवलेला पत्ता मग धड चालत नाही आणि धड मरतही नाही. पूर्ण बंद पडलेलं एक वेळ सापडतं, हे सापडत नाही. आणखी एक बारकावा: ब्रिजला तू मॅक अ‍ॅड्रेस दिला नाहीस तर तो आपल्या कार्डांतला सर्वांत लहान पत्ता घेतो. उद्या तिसरं कार्ड घातलंस आणि त्याचा आकडा लहान निघाला तर मशीनची ओळखच बदलेल आणि डीएचसीपीत राखून ठेवलेला पत्ता मिळणार नाही. म्हणून तो हाताने लिहून ठेव.

तुझ्या आईने सांगितलं की ब्रिज केलास त्या रात्री तू घरूनच हे सगळं केलंस आणि पहाटे मोटारसायकलवरून कारखान्यात गेलीस. हसलो नाही. एसएसएचमधून काम करताना ज्या कार्डावरून तू आत शिरलीस तेच ब्रिजमध्ये ढकललंस, म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. आमच्या पिढीत असं एकदाही न केलेला माणूस नाही. पुढच्या वेळी आधी ‘शटडाऊन’ला पाच मिनिटांनी रीबूट करायला सांग, मग सगळ्या कमांड एका फाइलमध्ये लिहून एकदम चालव. जमलं तर रीबूट रद्द. नाही जमलं तर मशीन आपोआप जुन्या अवस्थेत येतं, कारण हातानं दिलेल्या या कमांड रीबूटनंतर टिकत नाहीत. या न टिकण्यावर सगळे वैतागतात, पण मला त्याच गोष्टीने चार वेळा वाचवलं आहे. पक्कं करायचं ते आठवडाभर चालल्यावर.

आता एक माझी गोष्ट. एका कार्यालयात मी नेटवर्क सांभाळत होतो. तिथल्या शिपायाने टेबल झाडताना एक सुटी केबल पाहिली. पसारा नको म्हणून तिचं मोकळं टोक त्याने जवळच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचलं. दुसरं टोक आधीच शेजारच्या सॉकेटमध्ये होतं. मिनिटभरात स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकायला लागले. दिवाळीतल्या माळेसारखे दिसत होते. मी तर कौतुकाने बघत राहिलो. मग फोन वाजायला लागले.

झालं असं की एका मशीनने ‘अमुक पत्ता कुणाचा?’ अशी सगळ्यांना हाक मारली. ती हाक एका सॉकेटातून बाहेर पडून दुसऱ्यातून परत आत आली, पुन्हा सगळ्यांना वाटली गेली, पुन्हा फिरली. राउटरवर असं झालं तर पॅकेट कधीतरी मरतं, कारण त्याच्यावर टीटीएल नावाचा आकडा असतो. लिनक्स तो बहुधा ६४ पासून सुरू करतं आणि प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आजोबांच्या वहीतल्या नोंदीसारखा. शून्य झालं की पॅकेट टाकून द्यायचं. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही. डबा फिरत राहतो, प्रत्येक फेरीला त्याची नवी पिल्लं होतात. अर्धा तास शोधून शेवटी मी एकेक केबल उपटत गेलो.

यावरचा इलाज रेडिया पर्लमन या बाईंनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना काढला, स्पॅनिंग ट्री. त्यांनीच सांगितलं आहे की साहेब शुक्रवारी सुट्टीवर जाताना काम सोपवून गेले, उत्तर त्याच रात्री सुचलं, सोमवार-मंगळवारात लिहून झालं, आणि उरलेल्या आठवड्यात त्यांनी त्याच विषयावर एक कविता केली. १९८५ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. सगळे ब्रिज मिळून सर्वांत लहान क्रमांकाच्या ब्रिजला मूळ मानतात, तिथपर्यंतची जवळची वाट धरतात आणि फेरा तयार करणारी जास्तीची पोर्टं मिटून घेतात. वाट तुटली तर मिटलेलं पोर्ट उघडतं. गंमत म्हणजे पर्लमनबाईंना ब्रिज हा मुळात तात्पुरता जुगाड वाटत होता. लोकांनी आयपीसारखा वरचा थर न घेता थेट इथरनेटवर सॉफ्टवेअर बांधलं, ते राउटरला समजेना, म्हणून ब्रिज लागले, असं त्यांचं म्हणणं. हे लक्षात ठेव, खाली तुझ्या कामाला येईल.

लिनक्सच्या ब्रिजमध्ये स्पॅनिंग ट्री आपोआप चालू नसतो. ‘एसटीपी स्टेट १’ करावं लागतं. तो चालू केलास की पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं आणि मगच वाहतूक सुरू करतं. त्या अर्ध्या मिनिटात डीएचसीपीने हात टेकले तर घाबरू नकोस. पण त्याच्या भरवशावर ब्रिज वाढवत नेणंही बरं नाही. २००२ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क असंच वाढत वाढत स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेबाहेर गेलं आणि कोसळलं. कित्येक दिवस तिथले डॉक्टर कागदावर लिहीत होते.

फॉरवर्डिंगचं तंत्र ब्रिजपेक्षा सोपं आहे. पत्ता दोन्ही कार्डांवर हवा, ज्या बाजूचा त्या मालिकेतला. मग ‘सिस-सीटीएल’मध्ये ‘नेट आयपीव्ही४ आयपी फॉरवर्ड’ १ करायचं. हे मुळात ० असतं ते उगाच नाही. साध्या यजमान मशीनने कुणी सांगितल्याशिवाय दुसऱ्याची पॅकेट वाहू नयेत, असं इंटरनेटच्या १९८९ च्या नियमपत्रातच म्हटलं आहे. इथे दहातले नऊजण अडकतात ते परतीच्या वाटेवर. काट्याचं पॅकेट ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतं, सर्व्हर उत्तर लिहितो आणि आपल्या गेटवेकडे, म्हणजे इंटरनेटच्या राउटरकडे देतो. त्या राउटरला २० ची मालिका ऐकूनही माहीत नसते. उत्तर तिथेच मातीत. म्हणून काट्याच्या मशीनना तुझ्या लिनक्सचा गेटवे दे, आणि ऑफिसच्या राउटरवर ‘२० च्या मालिकेला अमुक पत्त्यावरून जा’ अशी एक ओळ लिहून घे. राउटर सांभाळणारा माणूस टाळाटाळ करत असेल तर मॅस्करेड करून भागवता येतं. पण मग ऑफिसला सगळी वाहतूक तुझ्या एकाच मशीनकडून आल्यासारखी दिसेल आणि कुठल्या काट्यावरून काय आलं ते नोंदीत कळणार नाही. उसाच्या वजनाच्या बाबतीत तरी मी ते करणार नाही. शेतकरी जाब विचारतो, आणि विचारायलाच हवा.

एक भूत राहिलं. त्याच मशीनवर तू कंटेनर चालवतेस, असं फोनवर म्हणालीस. अशा सॉफ्टवेअरमुळे बऱ्याचदा ‘बीआर नेटफिल्टर’ नावाचं मॉड्यूल लोड होतं आणि ब्रिजवरून सरळ जाणाऱ्या फ्रेमही आयपीच्या फायरवॉलमधून जायला लागतात. फायरवॉलच्या ‘फॉरवर्ड’ साखळीचं धोरण ‘ड्रॉप’ असेल तर ब्रिज शंभर टक्के बरोबर असूनही पलीकडे काही जात नाही. म्हणजे डबा न उघडण्याचा नियम, आणि तरी फलाटावर कुणीतरी पोती मोजतोय. माणसं यात दोन-दोन दिवस घालवतात. तू ते मॉड्यूल आहे का, एवढं आधी बघ.

आणि अंदाज बांधत बसू नकोस. दोन खिडक्या उघड, एकीत टीसीपीडम्प काट्याच्या कार्डावर, दुसरीत ऑफिसच्या कार्डावर. पिंग सोड. आत येताना दिसलं पण बाहेर पडताना दिसलं नाही, तर दोष तुझ्या मशीनमध्ये. बाहेर पडलं पण उत्तर आलं नाही, तर दोष पलीकडे, बहुधा परतीची वाट. उत्तर आलं पण काट्याकडे गेलं नाही, तर पुन्हा फायरवॉल. आजोबांचं पोतं हरवलं की तेही आधी दोन्ही फलाटांवर जाऊन उभे राहायचे, वही नंतर.

तुझ्या काट्याला काय लावू, असं विचारशील तर राउटिंग. ऑफिसमध्ये कुणीही घरचा वाय-फायचा डबा आणून लावतो, तो भलतेच पत्ते वाटायला लागतो, कुणाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो. ब्रिज केलास तर हे सगळं काट्यापर्यंत जाईल आणि गाळपात काटा थांबला की ट्रॅक्टरची रांग हमरस्त्यापर्यंत लागेल. मात्र आधी काट्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला एक गोष्ट विचार: तुमचा प्रोग्राम सर्व्हरला पत्त्याने शोधतो की सगळ्यांना हाक मारून? पत्ता लिहायची सोय असेल तर प्रश्न मिटला. हाक मारून शोधत असेल तर ती हाक राउटर ओलांडणार नाही, तो पर्लमनबाईंच्या काळातला दोष आजही विकला जातो. मग नाइलाजाने ब्रिज कर, पण फक्त काटा आणि तो एक सर्व्हर एवढाच, सगळं ऑफिस नव्हे.

विकणारा ‘बघून सांगतो’ म्हणेल. थांबू नकोस, त्याच्यासमोरच टीसीपीडम्प लाव.

तुझ्या आईला सांग, तिची सतार सतारमेकर गल्लीत जवारीला दिली आहे, पुढच्या आठवड्यात मिळेल.

तुझा,
मामा

ता. क. तू म्हणालीस तो ऑफिसमधला मुलगा केबल टाकण्याऐवजी लॅपटॉपचं वाय-फायच ब्रिजमध्ये घालू म्हणतोय, तर त्याला करून बघू दे. लिनक्स त्याला ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ असं उत्तर देईल. वाय-फायला जोडलेलं मशीन साधारणपणे स्वतःच्याच मॅक अ‍ॅड्रेसने बोलू शकतं, मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याचं नाव सांगायला त्या फ्रेममध्ये जागा नसते. चार पत्त्यांची फ्रेम असते, पण ती दोन्ही टोकांना मान्य असावी लागते. काट्यापासून ऑफिसपर्यंत चर खणून घे, पाऊस संपला आहे.